मेलं नाय, निजलंय

डोंबिवलीच्या दोन खोल्या सोडून आम्ही २०१२ साली वांगणीला आलो तेव्हा माझ्याजवळ नऊ कुंड्या होत्या. इथे घरामागे दीड गुंठ्याचा तुकडा मिळाला. कर्जत लोकलने बदलापूरनंतरचं हे स्टेशन. पुढे शेलू, मग नेरळ. मागच्या दारात उभं राहिलं की चंदेरीचा सुळका दिसतो आणि पावसाळ्यात उल्हास नदी किती वर आली आहे त्याची बातमी शेजारी आणतात. पाणी भरपूर, माती बरी, हाताशी वेळ. मला वाटलं होतं, आता बाग आपोआप होईल.

झाली नाही. बारा-तेरा पावसाळे गेल्यावर जी काही झाली, ती मला आलेल्या शहाणपणामुळे कमी आणि खाल्लेल्या ठोकरांमुळे जास्त. त्यातले थोडे अनुभव लिहून ठेवते आहे. सुरुवात एका परदेशी फुलापासून झाली, म्हणून तिथूनच.

१. दुसऱ्याच्या देशातलं ‘देशी’ आपल्याकडे पाहुणं असतं.

माझी भाची अमेरिकेत ओहायोला राहते. तिच्या अंगणात जांभळ्या पाकळ्यांची, मधोमध तपकिरी काटेरी शंकू असलेली फुलं फुलतात. ती एकिनेशिया. ग्रीक भाषेत काटेरी हेजहॉगला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, आणि त्या शंकूवरून बोट फिरवलं की नाव पटतं. ‘आत्या, हे आमच्याकडचं देशी फूल. एकदा लावलं की दरवर्षी आपापलं येतं, काही बघावं लागत नाही,’ असं म्हणून तिने बियांचं पाकीट आणलं.

बियांना उगवण्यापूर्वी थंडी लागते म्हणून मी त्या ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या. कोथिंबिरीच्या डब्याशेजारचा तो वाळूचा डबा बघून घरच्यांनी काय काय विचारलं ते सांगत नाही. चौदा रोपं आली. मे महिन्याच्या उन्हात सात उरली. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नीट लागल्यावर, ती सातही बुंध्याशी काळी पडून आडवी झाली.

दोष बियांचा नव्हता. हे गवताळ माळावरचं झाड. थंडीत जमिनीखाली निजतं, उन्हाळ्यात फुलतं, आणि मुळाशी पाणी साचलं की कुजतं. माथेरानच्या पायथ्याशी चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे त्याच्या वंशात कुणी ऐकलेलंही नसणार. भाचीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग तुमच्याकडचं जे आपापलं येतं ते शोध ना.’ राग आला. पण बरोबर बोलली होती.

२. नाव विचारायचं तर पुस्तकाआधी माणूस गाठा.

आपापलं येणारं ते फूल मला रोज दिसत होतं. स्टेशनकडे जाताना ओढ्याच्या काठाला पुरुषभर उंचीची झाडं होती. खोड किंचित पिळलेलं, आणि पानं त्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली. टोकाला गडद लाल खवल्यांचा मुठीएवढा शंकू. त्या शंकूतून एक पांढरं फूल बाहेर आलेलं, चुरगळलेल्या क्रेप कागदासारखं, आत पिवळी छटा. संध्याकाळी ते लोंबायचं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खवल्यातून नवं यायचं.

स्टेशनाबाहेर पावसाळ्यात ठाकर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग कुळूची भाजी, टाकळा, भारंगी, मग कंटोळी. त्यांतल्या एक मावशी माझ्या ठरलेल्या. त्यांना विचारलं.

‘त्या व्हय? पेव. पेवा बी म्हंतात.’

एवढंच. मग मी पुस्तकांकडे गेले. संस्कृतात केमुक. शास्त्रीय नाव बरीच वर्षं कॉस्टस स्पेसिओसस होतं, आता हेलेनिया स्पेसिओसा. लांबून आलं-हळदीचा नातलग, पण कुळ वेगळं. आलं-हळदीची पानं खोडाच्या दोन बाजूंना एकाआड एक लागतात आणि पेवाची गोल चढतात, एवढी खूण पुरते. कॉस्टस या जुन्या नावामुळे काही लोक याला आयुर्वेदातलं कोष्ठ समजतात. ते कोष्ठ हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. याचा त्याचा संबंध नाही. आणि हल्ली घरोघरी कुंडीत दिसतं ते नारिंगी फुलाचं ‘इन्सुलिनचं झाड’ पेवाच्या कुळातलं असलं तरी मूळचं ब्राझीलचं. सकाळी त्याचं पान चावून साखर आटोक्यात येईल या भरवशावर गोळी बंद करणारे दोघे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलं आहे.

पेव म्हटलं की मराठी माणसाला आधी धान्याचं पेव आठवतं, जमिनीखालची कोठी. हे झाडही तसंच आपलं सगळं धान्य जमिनीखाली कंदात साठवून बसतं. दोन्ही नावांचं नातं आहे की नाही याचा निवाडा भाषेच्या जाणकारांनी करावा. मला मात्र झाड ओळखीचं वाटलं ते तिथूनच. बाकी पेव फुटणं म्हणजे काय ते वांगणीकरांना शिकवायला नको. स्टेशनपासून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चाला आणि नव्या इमारतींच्या जाहिराती मोजा.

३. डोंगरावरून उपटून आणू नका.

सांगायला सोपं आहे. मलाही चिंचवलीच्या वाटेवर पेवाची रांगच्या रांग बघून हात शिवशिवले होते. राखीव जंगलातून झाड उपटणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे एक. दुसरं, उतारावरचा कंद काढला की त्याने धरलेली माती पहिल्याच सरीत खाली येते.

मग मिळवायचं कुठून? माझं पेव मला जेसीबीने दिलं. आमच्या मागच्या बाजूला एक पडीक तुकडा होता, त्यावर इमारत उठणार होती. मे महिन्यात सपाटीकरण सुरू झालं. मुकादमाला विचारलं, ‘दादा, तो कोपरा उकरण्याआधी दहा मिनिटं देता का?’ तो म्हणाला, ‘काय सोनं पुरलंय काय?’ दहा मिनिटं दिली, वर स्वतः एक फावडंही दिलं. आल्यासारखे जाडसर, बोटाबोटांचे कंद निघाले. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून आणले. आज बागेत जे काही पेव आहे ते त्या अर्ध्या गोणीचं.

बदलापूर–कर्जत रस्त्यावरच्या रोपवाटिकांतही ते मिळतं, फक्त ‘पेव’ म्हणून मागितलं तर मिळत नाही. ‘कॉस्टस’ म्हणावं लागतं. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा प्रकार पुढे करतात. तो दिसायला नाजूक आणि वाढायला आळशी. साधं हिरव्या पानाचं मागा.

४. लावण्याची रीत दोन ओळींची आहे.

दोन डोळे असलेला, बोटभर लांबीचा तुकडा. मेअखेर, वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर. दोन इंच खोल, दोन-दोन फुटांवर, शेणखत आणि पालापाचोळा घालून. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा. आमच्याकडे आंब्याच्या पूर्वेला आहे.

पूर्ण उन्हात पानं करपतात, गडद सावलीत खोड लांबतं आणि फुलाच्या भाराने वाकतं. एखाद्या कंदाला पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर तो उकरून बघू नका. मी बघितला होता.

५. रिकामी जागा रिकामी ठेवायला शिकावं लागतं.

मला सर्वांत जास्त वेळ हेच शिकायला लागला.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन शंकू आले. मी शेजारणींना बोलावून दाखवले. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. नोव्हेंबरात खोडं तपकिरी झाली, मी खत घातलं. डिसेंबरात सगळं वाळून गवताच्या पेंढीसारखं झालं आणि जानेवारीत तिथे काहीच नव्हतं. नऊ फूट लांब, चार फूट रुंद मातीचा पट्टा. मी तिथे रोज पाणी घालत राहिले, कारण पाणी न घालणं म्हणजे आशा सोडणं असं मला वाटत होतं. मार्चमध्ये न राहवून एका टोकाला बोट घालून पाहिलं तर कंद मऊ झाला होता, वास येत होता. झोपलेल्या माणसाच्या तोंडात जबरदस्तीने घास कोंबावा, तसं केलं होतं मी.

मावशींना स्टेशनवर सांगितलं की तुमचं पेव मेलं. त्या हसल्या. ‘मेलं नाय, निजलंय. तुमी त्याला निजू देत नाय.’

तर उरलेले कंद मी निजू दिले. मग दुसरं संकट आलं. बघणाऱ्यांना रिकामी जागा बघवत नाही. ‘एवढी जागा वाया का घालवता, मिरच्या लावा,’ ‘लॉन करून टाका,’ ‘फरशी बसवून घ्या, गाडी राहील.’ आम्हाला गाडी नाही. घरच्यांनी एकदा तिथे कपडे वाळत घालण्याचे खांब रोवायचा बेत केला. तो मी हाणून पाडला. पण एप्रिलमध्ये चार दिवस पुण्याला गेले असताना बागेच्या कामाला येणाऱ्या मुलाने मला बरं वाटावं म्हणून तो सगळा पट्टा कुदळीने खणून, साफ करून, ‘गाठी-बिठी’ काढून टाकून, दोरी लावून वाफे करून ठेवले. परत आले तर वांग्याची रोपं डोलत होती.

मी काही बोलले नाही. बोलणार काय? त्याच्या दृष्टीने ती गाठाळ मुळं होती आणि जमीन पडीक होती. दोष माझा, मी खूण ठेवली नव्हती.

जूनच्या मध्यावर कचरा कुजवायच्या खड्ड्यातून, कांद्याच्या सालींच्या आणि नारळाच्या शेंड्यांच्या मधून, तांबूस टोकाचे सतरा कोंब वर आले. गाठी त्याने तिथेच फेकल्या होत्या. त्या खड्ड्यात पेव जितकं माजलं तितकं बागेत कधी माजलेलं नाही. त्या वर्षी ओला कचरा टाकायला आम्हाला दुसरा खड्डा करावा लागला.

तेव्हापासून मी पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांना गेरू लावलेले दगड ठेवते. डिसेंबरमध्ये वाळलेली खोडं कापून तिथेच आडवी पसरते, त्यांचंच पांघरूण. जानेवारी ते मे एक थेंब पाणी नाही. कुणी विचारलं की सांगते, ‘इथे पेव आहे.’ ते मातीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. बघू देत.

शहरातून आलेल्या आपल्यासारख्यांची बागेची कल्पना सोसायटीच्या प्रवेशद्वारावरून घेतलेली असते. बारा महिने हिरवं, बारा महिने एका उंचीचं. म्हणून ड्युरांटा, म्हणून ड्रॅसिना. इथल्या मातीतली कितीतरी फुलं चार-पाच महिने संसार करतात आणि उरलेले सात-आठ महिने जमिनीखाली असतात. रानहळद तशी, कळलावी तशी, शेवळं तशी, पेव तसं. ती नकोत असं कुणी म्हणत नाही. त्यांच्या रिकाम्या महिन्यांना जागा द्यायची कुणाची तयारी नसते, एवढंच.

६. मुंग्या दिसल्या की पावडर शोधू नका.

पेवाच्या शंकूवर मुंग्यांचा सदैव राबता असतो. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यावर पावडर टाकली. मुंग्या गेल्या, भुंगेही कमी झाले, आणि मला एक प्रश्न पडला. मुंग्या फुलात जातच नव्हत्या. त्या लाल खवल्यांवरच का फिरत होत्या?

उत्तर पुढे वाचनात सापडलं. पेवाच्या कुळातल्या झाडांच्या खवल्यांवर, फुलाबाहेर, गोड रस पाझरतो. मध्य अमेरिकेतल्या पनामात या कुळातल्या एका जातीचा अभ्यास झाला होता. मुंग्या हटवल्या तर एक माशी बिया फस्त करते आणि मुंग्या असल्या तर बिया वाचतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पगारी राखणदार. फुलाचं काम वेगळ्यांकडे आहे. काळा, जाडजूड भुंगा त्या पांढऱ्या पाकळीवर उतरून आत शिरतो आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर येतो. त्याच्या वजनाने फूल खाली झुकतं. सकाळी आठ-साडेआठला चहा घेऊन बसलं की हा कार्यक्रम दिसतो, फुकट.

फुलं संपल्यावर शंकू टाकून देऊ नका. तो आणखी लाल होतो, त्यात बोंडं धरतात, ती उकलली की काळ्या बिया आणि त्यांच्याभोवती पांढरा गर. बुलबुल तेवढ्यासाठी येतात. ज्या शंकूंची मी फुलदाणीसाठी कापणी केली, त्यांचं काहीच झालं नाही. फुलदाणीतही फूल संध्याकाळपर्यंतच टिकलं.

७. गोगलगाय ही पाहुणी नाही.

जूनमधले कोवळे कोंब मोठ्या आफ्रिकन गोगलगायी एका रात्रीत खातात. मीठ टाकून माती खराब करू नका. रात्री विजेरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. दहा-बारा रात्रींचं काम आहे, कोंब फूटभर वर गेले की त्या नाद सोडतात.

माझ्या विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावलेला आहे. वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. तिथे डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून लाल उजेड वापरतात. एकदा आमच्याकडे उतरलेला भाचा ही विजेरी विसरून गेला. लाल उजेडात गोगलगायी बिचकत नाहीत असं मला वाटतं. बिचकल्या तरी पळणार किती?

८. पुरात काय जगतं ते पुरानंतर वर्षाने कळतं.

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी बाहेर आली. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ आणि नौदलाने बोटी आणून हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या मागच्या अंगणात कमरेएवढं पाणी होतं. त्याला टीव्हीवर जागा मिळाली नाही आणि मिळायचं कारणही नव्हतं. आम्ही माळ्यावर कोरडे बसलो होतो.

पाणी उतरल्यावर बागेवर वीतभर गाळ होता. गुलाब गेले. जर्बेरा गेले. महागडी डच लिली, जिच्यासाठी मी दादरला जाऊन आले होते, तिची कुंडीसुद्धा सापडली नाही. पेव झोपवल्यासारखं सपाट पडलं होतं, पानं चिखलाने माखलेली. आठवड्याभरात पानं गळाली. त्या वर्षी फूल नाही. मी गाळ उपसला नाही. उपसायला अंगात बळही नव्हतं, घर धुण्यातच गणपती आले.

२०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, त्या गाळातून पेव वर आलं आणि पट्ट्याच्या बाहेर, पूर्वी कधीच नव्हतं अशा तीन ठिकाणी आलं. कंदाचे तुकडे पाण्याने हलवले असणार. शिवाय शेजाऱ्यांच्या न्हाणीजवळ एक, त्यांनी कधीही न लावलेलं. ते अजून आहे. त्या काकू त्याला ‘पुराचं झाड’ म्हणतात.

गाळाचं म्हणाल तर तसलं खत मी पैसे देऊनही आणू शकले नसते. पण त्यासाठी पूर मागणार नाही.

९. जोडीला रानहळद लावा.

पेवाचं फूल ऑगस्टशिवाय जोर धरत नाही. त्याआधी जुलैत रानहळद येते, तिला शिंदळवण असंही म्हणतात. तिचाही शंकूच. खालचे हिरवे खवले पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या वाट्यांसारखे, त्यांत पिवळी फुलं, आणि माथ्यावर गुलाबी-जांभळा तुरा. लोक तुऱ्यालाच फूल समजतात. फूल बघायचं तर वाकावं लागतं.

तिची पानं कधीकधी कडेने दुमडून, शिवल्यासारखी गुंडाळलेली दिसतात. आत एका फुलपाखराची अळी असते. हळदीच्या शेतकऱ्यांना ती चांगली माहीत आहे. शेतात ती कीड, बागेत ती पाहुणी. एका झाडाची दोन-तीन पानं गेली तर काय बिघडलं? मी गुंडाळी उलगडून बघायची सवय मोडली आहे, कारण उघडी पडलेली अळी पान परत शिवेपर्यंत बुलबुल तिला नेतो.

१०. कारवीच्या वाटेला जायचं तर आयुष्य मोजून जा.

शंकूवरून नाव पडलेलं खरं फूल सह्याद्रीत दुसरंच आहे. कारवीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शंकूफूल. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळी एकदम, आणि फुलून झाली की मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली.

२०१७ च्या मे महिन्यात कुंपणासाठी मी कारवीच्या काठ्यांची एक मोळी घेतली. अजूनही इकडच्या आदिवासी पाड्यांत कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने लिंपलेल्या, दिसतात. मोळीतल्या काही काठ्यांच्या टोकांना सुकलेली बोंडं तशीच होती. पहिल्या पावसात मागच्या अंगणात टपटप, फटफट आवाज येऊ लागला. घरच्यांना वाटलं पत्र्यावर पोरं खडे मारतात. ओल लागली की कारवीची बोंडं फुटतात आणि बिया उडवतात, हे मी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं.

कुंपणाच्या बुडाशी अकरा रोपं आली. दोन जगली. दरवर्षी पावसाळ्यात हातभर वाढायची, उन्हाळ्यात पानं टाकून काटक्या होऊन उभी राहायची. सात वर्षं मी त्यांच्याकडे बघत बसले, माझं वय त्यांच्या वयाशी जोडून हिशेब करत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एक फुललं. चार-पाच तुरे, निळसर जांभळे. डोंगरउतारावरच्या हजारो झाडांपुढे ते काहीच नाही. मधमाश्यांना मात्र फरक पडला नाही, त्या आल्या.

दुसरं फुललंच नाही. ते अजून हिरवं आहे, का ते ठाऊक नाही. फुललेलं वाळलं, त्याचीच काठी आता पेवाच्या पट्ट्याला खूण म्हणून रोवली आहे.

बागेसाठी मी कारवीची शिफारस करत नाही. पण कुणी लावली तर त्याला वेड्यातही काढणार नाही.

११. ऐकून खाऊ नका.

पेवाची भाजी होते, औषध होतं, सगळं खरं. त्याच्या कंदात डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून संप्रेरकांची औषधं बनवता येतात. म्हणजे कंद निरुपद्रवी बटाटा नव्हे. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कसा उकळून, हे ज्यांच्या घरात चार पिढ्या चालत आलं आहे त्यांनी खावं. मोबाइलवर आलेला संदेश म्हणजे पिढी नव्हे. आणि कळलावीचा कंद तर तोंडाजवळही नेऊ नका. तो जीवघेणा विषारी आहे. ती लावायची तर लहान मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशा जागी लावा.

१२. कंद वाटले की वाढतात.

तीन वर्षांनी पेवाची दाटी होते, मधले कोंब बारीक येतात. तेव्हा मेमध्ये उकरून अर्धे काढावे लागतात. मी ते वाटते. बदलापूरला दोन घरी गेले, अंबरनाथला एका शाळेच्या कुंपणाला गेले, डोंबिवलीच्या आमच्या जुन्या चाळीतल्या एका गॅलरीत रंगाच्या डब्यात एक आहे, त्यालाही शंकू येतो. मावशींना द्यायला गेले तर म्हणाल्या, ‘माज्या घराच्या मागं डोंगरभर हाये, मला काय देता?’ आणि माझ्या पिशवीत कुळूची जुडी टाकून पैसे घेतले नाहीत.

भाचीलाही हवं होतं. पण कंद परदेशात असे नेता येत नाहीत, विमानतळावर अडवतात, आणि तिच्याकडच्या बर्फात तो टिकणारही नाही. तिला फोटो पाठवते.

ज्यांना पेव दिलं त्यांतल्या चौघांचे जानेवारीत फोन आले की झाड गेलं. चौघांनाही मी एकच वाक्य सांगितलं, मावशींचं. तिघांनी ऐकलं. चौथ्यांनी तिथे फरशी बसवली.

कुणाला हवं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात यावं. पिशवी आणि लोखंडी खुरपं घेऊन यावं, उकरायला माझी कंबर साथ देत नाही. पावसाळ्यात फुलं बघून मागितलेत तर देणार नाही.